एका भांड्यातलं

माझा धाकटा भाऊ लीलाधर याची मुलगी देवश्री हिचं लग्न झालं, ते वर्ष दोन हजार एक्केचाळीस. वैशाखात लग्न लागलं, ती सुरतला सासरी गेली आणि तापीकाठच्या आमच्या माहेरच्या घरात लीलाधर आणि त्याची बायको भारती, अशी दोघंच उरली. मी भुसावळला माझ्या मुलाकडे राहते. पुढचं सगळं त्याच वर्षात घडलं.

लग्नाच्या पंगतीत लीलाधर डबा घेऊन बसला होता. मुलीचा बाप, सगळ्यांना पुरी-बासुंदी वाढली जात होती, आणि हा स्टीलच्या डब्यातून वांग्याची भाजी काढून खात होता. नवे व्याही समोरच बसले होते. ते म्हणाले, "सोताच्या मांडवात घरचा डबा? आचाऱ्यावर भरोसा नही वाटते."

"माह्या पोटात आमच्या अक्काची किडनी हाये," लीलाधर म्हणाला. "पाहुणी हाये ती. तिले हेच लागते. तिचे लाड करता करता म्हातारा झालो मी."

पंगत हसली. मीही हसले. आठ वर्षांपूर्वी लीलाधरच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा माझी डावी त्याला दिली होती. कुणाशी जुळते हे तपासलं तेव्हा माझीच जुळली. त्यात मोठेपणा काही नव्हता. आई त्याला माझ्या कडेवर देऊन शेतात जायची, म्हणून तो माझाच होता.

हे वांग्याचं काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. डॉक्टर तडवी म्हणून जळगावच्या दवाखान्यात एक बाई आहेत, मूळ यावलकडच्या. त्यांनी मला समजावलं होतं तसंच सांगते. दुसऱ्याचा अवयव शरीरात बसवला की शरीर त्याला परकाच समजतं. रक्तात पहारेकरी असतात, ते त्याच्यावर धावून जातात आणि हळूहळू त्याला खलास करतात. सख्ख्या बहिणीचा असला तरी त्यांना काही कळत नाही. म्हणून त्या पहारेकऱ्यांना रोज थोडं गुंगीत ठेवायचं औषध घ्यावं लागतं, जन्मभर. आधी त्याच्या गोळ्या होत्या. त्यांनी लीलाधरचे हात थरथरायचे, आणि केळीला पाणी द्यायला गेला की तो गोळी विसरायचा. दोन वेळा किडनी जाता जाता राहिली.

मग दवाखान्यानं रोपं दिली. हे औषध मूळचं मातीतल्या एका जंतूचं. ते तयार करायची त्या जंतूची हातोटी शास्त्रज्ञांनी वांग्याच्या झाडात उतरवली. वांगंच का, असं मी विचारलं. तडवीबाई म्हणाल्या, हे औषध पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि वांग्याएवढी तेल पिणारी भाजी दुसरी कोणती सांगा. शिवाय ते भाजून, तळून उतरत नाही. सालीचा जांभळा रंग झाडात ज्या ठिकाणी ठरतो, तिथंच त्यांनी औषधाची गाठ मारली होती. सालीला रंग चढला की आत गरात औषध चढलं. दवाखान्यानं एक रंगपट्टी दिली होती. फळ पट्टीतल्या शेवटच्या चौकोनाएवढं काळपट झालं की तोडायचं आणि दिवसाला एक खायचं. आमच्याकडचं भरताचं वांगं हिरवं असतं, वर पांढऱ्या रेघा. वांगी रंग म्हणून जो म्हणतात तो मी साडीच्या दुकानातच ऐकला होता. देवश्रीच्या लग्नात दुकानदारानं भारतीपुढे तसली साडी टाकली, तर ती म्हणाली, "हा नको भाऊ. हा मी रोज चिरते."

गोळी माणूस विसरतो, जेवण विसरत नाही, असा दवाखान्याचा विचार होता आणि तो खरा ठरला. पाच वर्षं लीलाधर ठणठणीत होता. आधी दर महिन्याला रक्त तपासायचे, मग सहा महिन्यांनी तपासू लागले.

एकच पथ्य होतं. ते वांगं दुसऱ्या कुणी खायचं नाही. चांगल्या माणसाचे पहारेकरी झोपले तर भिंतीवरची बुरशीसुद्धा त्याच्या छातीत घर करते. म्हणून भारती दोन भांड्यांत रांधायची. त्याचं वेगळं, आपलं वेगळं. त्याच्या ताटातला घास कुणाला नाही, कुणाच्या ताटातला त्याला चालत नाही. पाच वर्षं तो घरात असून पाहुण्यासारखा जेवला.

लग्नाची धावपळ संपली आणि ज्येष्ठात मी आजारी पडले. थंडी वाजून ताप, कंबर धरून कळ, पायांवर सूज. एकच किडनी, आणि तिलाच जंतू झाले होते. मला जळगावला भरती केलं. लीलाधर रोज यायचा आणि खाटेजवळ स्टुलावर बसून राहायचा.

"अशा तोंडानं बसशील तर नर्स तुलेच भरती करीन," मी म्हणाले.

"माह्यामुळं झालं हे. दोन असत्या तर झालं नसतं."

"दोन असत्या तर दोन्हीत झालं असतं. जा, घरी जा."

तो गेला. कुठे गेला ते मला नंतर कळलं.

आमच्या घरात आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाहीत. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मग वांगं सुटतं. माझ्या आईनं हे पाळलं, तिच्या सासूनं पाळलं. लीलाधरला त्यातून सूट होती. आईनंच जिवंतपणी सांगून ठेवलं होतं, की परसातलं ते वांगं नाही, ते औषध आहे, देवाला कळतं.

मी श्रावणात उठून हिंडायला लागले. लीलाधर राखीला भुसावळला आला. एरवी डबा घेऊन यायचा, या वेळी रिकाम्या हातानं आला. विचारलं तर म्हणाला, सकाळीच खाऊन निघालो. अंगानं भरला होता. तोंडावर तेज होतं. मला बरं वाटलं.

भाऊबीजेला मी गावी गेले. भारतीनं पाट मांडला, मी ओवाळलं. भारती अंगावर शाल घेऊन बसली होती आणि मधूनमधून खोकत होती. फटाक्यांचा धूर, असं म्हणाली. जेवायला बसलो. उडदाची दाट डाळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी. चुलीपुढे एकच पातेलं डाळीचं, एकच भाजीचं. लीलाधर त्यातूनच घेत होता. भारतीच्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलून त्यानं स्वतःच्या डाळीत बुडवला.

"तुह्यं वांगं कुठं हाये?" मी विचारलं.

तो हसला. "सोडलं."

"म्हणजे?"

"तू दवाखान्यात होती तवा देवळात जाऊन खंडोबाले नवस बोललो. अक्का बरी होऊ दे, यंदा मी घरच्यासारखाच चातुर्मास धरतो. एकादशीपासून शिवलं नही. अन् पाह्य, तू श्रावणात उठून बसली."

"मी सलाईननं उठली रे. ते डॉक्टरनं केलं."

"डॉक्टरच्या हातून कोण करवते?"

"अन् गोळ्या? वांगं सोडलं तर गोळ्या तरी घेऊ ऱ्हायला का?"

"गोळ्या घेऊन वांगं सोडलं तर सोडलं काय मंग? जे लागते तेच सोडायचं असते." तो शांतपणे बोलत होता. "अन् तुले सांगू का, ती किडनी आता रुळली इथं. आठ वर्षं झाली. नवी सून रुळते तशी. मले काही होऊ ऱ्हायलं नही. उलट जेवण गोड लागते. इतक्या वर्षांनी बायकोसोबत एका भांड्यातलं खाऊ ऱ्हायलो मी, हे काय कमी हाये?"

भारती खाली बघून जेवत होती.

किडनी जाते तेव्हा दुखत नाही, हे तडवीबाईंनी मला सांगितलं होतं. माणूस हसत खेळत असतो आणि आत ती मरत असते. एकादशीपासून हा माणूस औषधावाचून होता. मी हात धुतला आणि परसात गेले. झाडांवर पिवळी पडलेली वांगी लटकत असतील असं मला वाटत होतं. वांगं वेळेवर तोडलं नाही तर जून होऊन पिवळं पडतं.

एकही पिवळं नव्हतं. झाडं फुलांवर होती, बारकी फळं धरली होती, आणि मोठी झालेली सगळी तोडलेली होती. देठांवरचे काप ताजे होते. काल-परवाचे.

भारती मागून आली. मी तिच्याकडे पाहिलं.

"डाळीत?" मी विचारलं.

"डाळीत. शेवभाजीत. साल काढून, भाजून, वाटून घालते. काळ्या मसाल्यात काय लपत नही, अक्का." तिला बोलता बोलता धाप लागली. ती हौदाच्या कठड्यावर बसली. "त्यांनी मले एकादशीलाच सांगितलं. मी रडली, भांडली. डॉक्टरले फोन करते म्हटलं, तर म्हणे, करशील तर खंडोबाच्या गडावर जाऊन बसीन, घरी येणार नही. मंग मी गप्प झाली. दुसऱ्या दिवशीपासून घालू ऱ्हायली."

मला आधी हायसं वाटलं. भावाची किडनी शाबूत होती. ते हायसं वाटणं मी अजून विसरले नाही, कारण त्यानंतर लगेच मला ते एक पातेलं आठवलं.

"भारती, अन् तू?"

तिनं शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"तूही तेच खाऊ ऱ्हायली?"

"वेगळं कसं करू? पह्यल्याच दिवशी मी माह्यासाठी नुसतं तिखट घेतलं, तर म्हणे, तू कायले नही घेत डाळ? काही घातलं का तिच्यात? पाच वर्षं वेगळं जेवले ना अक्का, आता माह्या ताटातला घास घेतल्याबिगर त्यांचं पोट भरत नही. अन् मले..." ती थांबली. "मलेही बरं वाटते. देवश्री गेल्यापासून घर खायले उठते."

"तुले माहीत हाये ना, चांगल्या माणसानं ते खायचं नही?"

"माहीत हाये. पन मी थोडीच घेते. ते घेतात त्याच्या अर्धी."

मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप होता. अंगात मुरलेला, बारीक ताप.

"चल, उद्याच तडवीबाईकडं जाऊ. अन् आज त्याले सांगू."

"नही." तिनं माझा हात धरला. तिच्या हाताला जोर नव्हता. "आता सांगितलं तर त्यांच्या लेखी नेम एकादशीपासूनच मोडला. म्हणतील, याचं अक्कावर येईल. पुन्हा धरतील, अन् मंग माह्या हातचं खाणार नहीत. षष्ठी जवळ आली. नैवेद्य झाला की ते सोताच खाऊ लागतील, मी माह्यं वेगळं करीन. मंग दवाखान्यात जाऊ. तेवढ्यापुरतं थांबा."

"मी खाते त्याच्यासोबत. तुह्या जागी बसते."

"तुम्ही?" ती हसली आणि त्या हसण्यानं तिला खोकला आला. "तुमची एकच हाये. याच औषधानं तीही खराब होते, डॉक्टरच म्हणाल्या होत्या. मंग देवश्रीचे पप्पा कायचा नेम धरतील पुढं? श्वासच सोडतील."

मी तिथंच राहायचं ठरवलं. भावाला सांगितलं, हवापालट करायची आहे. चुलीचा ताबा मी घेतला. भारतीच्या वाट्याची डाळ आधी बाजूला काढायची, तिच्या ताटात ती आधीच वाढून ठेवायची, औषधाचं नंतर घालायचं, असं मी करून पाहिलं. काही दिवस जमलं. पण मग लीलाधर तिच्या ताटात स्वतःच्या वाटीतली डाळ ओतायचा. "खाय, वाळून चालली." तिनं हात आडवा केला की म्हणायचा, "नवऱ्याच्या वाटीचा विटाळ झाला का तुले?" आणि ती खायची. मी समोर बसून बघायची. ओरडावं असं वाटायचं. ओरडले असते तर त्यानं जेवण सोडलं असतं, गप्प राहिले तर ती खात होती.

तुळशीचं लग्न झालं आणि भारतीचा ताप चढला. पायरी चढताना तिला दम लागू लागला. एका सकाळी तिच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. मी भुसावळहून माझ्या मुलाला गाडी घेऊन बोलावलं आणि सरळ तिला त्या गाडीत बसवलं.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांत बुरशी पसरली होती. तडवीबाई फोटो हातात घेऊन मला म्हणाल्या, "हे असं आमच्या किडनीच्या पेशंटमध्ये दिसतं. हिला का झालं? ही कसलं औषध घेते का?"

लीलाधर बाहेर बाकावर होता. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं.

बाईंनी भारतीचं रक्त तपासायला पाठवलं. रक्तात औषध होतं, लीलाधरच्या रक्तात असायला हवं तेवढंच. अर्धं खाते असं ती म्हणायची, पण तिचं वजनही त्याच्या अर्ध्यावर आलं होतं.

"मला फोन का नाही केला कुणी?" बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. मग त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. "रोपं देताना आम्ही विचारतो, वांग्याची ॲलर्जी आहे का, मूळव्याध आहे का, आवडतं का. चातुर्मासाचं विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. माझी आजी यावलला शेजारच्या घरी चंपाषष्ठीचं भरीत खायला जायची, मला नेहमी सोबत न्यायची. तरी नाही आलं. गोळीचा कुणी नेम धरत नाही, बाई. आम्ही गोळीचं जेवण केलं आणि जेवणाबरोबर काय काय येतं ते आम्हाला दिसलं नाही."

औषध बंद केलं. पण पहारेकरी एकदम जागे होत नाहीत, आणि बुरशीला तेवढा वेळ पुष्कळ होता. बुरशीवरची सुई सुरू केली. एक दिवस बरा जायचा, दुसरा वाईट. देवश्री सुरतेहून आली. लीलाधर स्टुलावर बसून राहायचा, ज्येष्ठात माझ्याजवळ बसायचा तसाच. मला भीती वाटायची, की हा आता आणखी काय सोडायचं कबूल करतो.

श्वासाची नळी लावायला नेण्याआधी भारती मला म्हणाली, "षष्ठीपर्यंत नका सांगू." मी मान हलवली.

ती चंपाषष्ठी येण्याआधीच गेली. घरात दहा दिवसांचं सुतक आलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. लीलाधर भिंतीला टेकून बसला होता. देवश्रीनं त्याच्यापुढं ताट सरकवलं. मी परसातलं एक वांगं भाजून, नुसतं मीठ लावून त्या ताटात ठेवलं होतं.

त्यानं ते बोटानं बाजूला सारलं. "सुतकात नैवेद्य होत नही, अक्का."

"मंग सुतक फिटल्यावर खाय."

"षष्ठी वर्षातून एकदाच येते. नैवेद्य झाल्याबिगर सुटणार कसं? आता पुढच्या वर्षी." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू तरी ऱ्हायली पाहिजे. ती तर गेली. तुह्यासाठी धरलेलं अर्ध्यात टाकून काय करू?"

पुढच्या वर्षापर्यंत तो जगणार नव्हता. आता त्याच्या डाळीत घालणारं कुणी नव्हतं. मी घातलं असतं, पण किती दिवस, आणि त्याच्या ताटातून पुढे कुणी घास घेतला असता, देवश्रीनं? ती तिथंच बसली होती.

"लीला, तुह्यं वांगं कधी बंदच झालं नव्हतं," मी म्हणाले.

मग मी सांगितलं. परसातले देठ, डाळ, काळा मसाला, तिच्या ताटातले घास. काही वगळलं नाही. त्यानं तिच्या वाटीत ओतलेली डाळसुद्धा सांगितली. ती सांगायची नव्हती, पण तेवढी गाळली असती तर त्यानं उरलेल्यावर विश्वास ठेवला नसता. देवश्री तोंडाला पदर लावून उठून आत गेली.

मला वाटलं तो मला मारील, किंवा ताट फेकील.

"मंग तू आपोआपच बरी झाली," तो म्हणाला.

"औषधानं झाली."

"अन् तिले माहीत होतं? आपण खाऊ ऱ्हायलो त्यानं काय होईल ते?"

"माहीत होतं."

"मी ओतायचो तवा ती नही म्हणायची. मले वाटे, नखरे करू ऱ्हायली." त्यानं हाताच्या पंजाकडे पाहिलं. "नही म्हणायची, अन् मंग खायची."

त्यानं ताट पुढे ओढलं. बाजूला सारलेलं वांगं बोटांनी उकललं आणि खाऊ लागला. चव घेत नव्हता, गिळत होता. साल तेवढी उरली, तीही त्यानं खाल्ली. मग देवश्रीला हाक मारून म्हणाला, तुम्ही आत जेवा, माझं भांडं आजपासून वेगळं धुवा.

सुतक संपल्यावर तडवीबाईंनी त्याचं रक्त तपासलं. किडनी चांगली आहे. पुष्कळ वर्षं चालेल, असं त्या म्हणाल्या. तो रोज एक वांगं खातो.

भारती मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेला, सकाळी, जळगावच्या दवाखान्यात गेली. ती त्रेपन्न वर्षांची होती.